'सगळे' म्हणजे कोण? संकल्पनाचित्र आणि 'आपली' संस्कृती

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)



मला विषय दिला आहे 'सामायिक सांस्कृतिक ओळख आणि शिक्षण'. एवढा मोठा विषय पाऊण तासात बोलायला गेलं की माणूस हवेत बोलू लागतो. म्हणून मी एका साधनाबद्दल, एका वर्गाबद्दल आणि एका सणाबद्दलच बोलणार आहे. साधन आहे संकल्पनाचित्र. वर्ग आहे बी.ए. दुसऱ्या वर्षाचा, समाजशास्त्राचा. आणि सण आहे दसरा. तुमच्यापैकी बरेच जण उद्या शिकवायला जाणार आहात, काही जण आताच तासिका तत्त्वावर शिकवत आहात. घरात तुमच्या आधी कोणी कॉलेजात शिकलेलंच नाही, तर शिकवणार कुठून! माझंही तसंच होतं. त्यामुळे वर्गात काय करायचं हे आपण एकमेकांकडूनच शिकायचं आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते. कोळशाच्या खाणींचा भाग आहे. खाणी आल्या तशी सगळीकडून माणसं आली. माझ्या वर्गात बौद्ध आहेत, कुणबी आहेत, गोंड आहेत, मातंग, ढीवर, बुरूड आहेत. ज्यांचे आजोबा करीमनगर, आदिलाबादकडून खाणीत आले अशी तेलुगू घरातली मुलं आहेत. बहुतेकांचे आईबाप सहीच्या जागी अंगठा लावणारे किंवा चौथी-सातवीपर्यंत शिकलेले. या वर्गात पाठ्यपुस्तकातलं 'भारतीय समाजाची सांस्कृतिक एकता' हे प्रकरण शिकवायचं होतं. प्रकरणात काय असतं ते तुम्हाला पाठ आहे. विविधतेत एकता, सण-उत्सव, तीर्थक्षेत्रं, पाहुणचार. मुलं ते परीक्षेत लिहितात, मार्क मिळतात. पण 'आपली संस्कृती' म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात नेमकं काय येतं, हे त्या उत्तरपत्रिकेतून कधीच कळत नाही. तेच मला बघायचं होतं.

संकल्पनाचित्र हा शब्द तुम्ही दहावीत ऐकलाय. 'पुढील संकल्पनाचित्र पूर्ण करा', दोन मार्क. मधे एक गोल, भोवती चार रिकामे गोल, आणि त्यात गाळलेले शब्द भरायचे. मी ज्याबद्दल बोलतेय ते हे नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञान कसं समजतं याचा बारा वर्षं चाललेला अभ्यास करत होते. मुलांच्या मुलाखतींचे ढीग जमले. त्या ढिगातून मुलाच्या समजुतीत काय बदल झाला हे एका नजरेत कसं दाखवायचं, या अडचणीतून 1972मध्ये ही पद्धत निघाली. त्यामागे डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की, शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे ते शोधा आणि तिथून शिकवायला लागा. आता हे ऐकायला साधं वाटतं. पण आपल्यासारख्यांच्या बाबतीत शाळेनं हे कधी केलं होतं का? आपल्याला आधीपासून काही माहीत असेल असं कोणी धरूनच चाललं नव्हतं.

पद्धत अशी. एक प्रश्न घ्यायचा. त्याच्याशी जोडलेले दहा-पंधरा शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे. चिठ्ठ्या मोठ्या कागदावर मांडायच्या आणि दोन-दोन चिठ्ठ्यांमध्ये बाण काढायचा. इथपर्यंत ते दहावीसारखंच आहे. फरक पुढे आहे. प्रत्येक बाणावर शब्द लिहावाच लागतो. एक चिठ्ठी, बाणावरचा शब्द, दुसरी चिठ्ठी, असं मिळून वाचलं की एक पूर्ण वाक्य झालं पाहिजे. 'पाऊस' आणि 'धान' यांच्यामध्ये नुसती रेघ चालत नाही. 'पाऊस लांबला की करपतो धान', असं काहीतरी लिहावं लागतं. नुसत्या रेघेला काही म्हणायचं नसतं, म्हणून तिच्याशी वादही घालता येत नाही. वाक्याशी घालता येतो.

सरावासाठी मी 'चहा' हा विषय दिला होता. मनात होतं की बिनधोक विषय आहे, मुलं हात मोकळा करतील. पंधराव्या मिनिटाला एका गटाच्या कागदावर 'कप' आणि 'आजोबा' या दोन चिठ्ठ्या आल्या आणि बाणावर लिहिलं होतं 'मालकाच्या घरी वेगळा ठेवत'. तेव्हा आपल्याकडे बिनधोक विषय शोधत बसू नका. तो मिळत नाही.

आता दसरा. प्रश्न फळ्यावर लिहिला, 'दसरा म्हणजे काय, आणि तो कोणाचा?' जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पहिली चित्रं झाली. ती माझ्यासमोर आली तेव्हा सगळी जवळजवळ सारखी होती. वर 'भारतीय संस्कृती', तिच्याखाली 'सण', त्याखाली 'दसरा', मग 'सोनं', 'रावण', 'शस्त्रपूजा'. आणि बाणांवरचे शब्द पाहा. 'साजरा केला जातो', 'वाटलं जातं', 'दहन केलं जातं', 'पूजन केलं जातं'. कर्ता कुठेच नाही. हे पाठ्यपुस्तकाचं मराठी आहे. मराठीतला हा 'जातो' फार सोयीचा आहे. त्यानं कोणाचंही नाव न घेता सगळं काम उरकता येतं. गाव स्वच्छ केलं जातं. वाजंत्री वाजवली जाते. मेलेलं जनावर गावाबाहेर नेलं जातं. कोण नेतं? व्याकरणात उत्तर द्यायची गरजच नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत मी एकच नियम घातला. बाणावर 'जातो, जाते, जातं' आलं की शेजारी लाल पेननं 'कोण?' लिहायचं, आणि त्या 'कोण'साठी नवी चिठ्ठी काढायची. चिठ्ठी काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरं, बाणावर घरची भाषा चालेल. तेलुगू चालेल, गोंडी चालेल, झाडीबोली तर चालेलच. पुस्तकातलं मराठी नको.

त्या दिवशी तास संपल्यावर मुलं उठली नाहीत.

बुरूड समाजातला एक मुलगा, वर्गात कधी बोलत नसे. त्यानं 'रावण' या चिठ्ठीला 'काका' ही चिठ्ठी जोडली. बाणावर लिहिलं, 'कमच्या आमच्या घरून जाते'. बांबूच्या त्या कमच्यांचा सांगाडा त्याचा काका आठवडाभर बांधतो. पुढचा बाण 'पेटवतो' असा होता, आणि त्याच्या टोकाला 'पाहुणा' होता. 'काका' आणि 'पाहुणा' यांच्यामध्ये त्यानं बाण काढला नाही. मी विचारलं, यांचा काही संबंध नाही का? तो म्हणाला, "मॅडम, काका तवरी घरी आलेला रायते."

त्याच 'रावण' चिठ्ठीपाशी एका गोंड मुलीच्या चित्रात 'जाळू नये' असं लिहिलं होतं आणि बाण तिच्या आजोबांकडून येत होता. आपल्या भागातल्या आदिवासी संघटना रावणदहन बंद करा म्हणून निवेदनं देतात हे वर्गातल्या बाकीच्यांनी पेपरात वाचलं होतं. पण आपल्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या घरात त्या दिवशी काय वाटतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. बौद्ध मुलांच्या चित्रात 'दसरा' ही चिठ्ठीच नव्हती. त्यांनी ती खोडून 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' केली होती. तिथून एक बाण नागपूरला, 14 ऑक्टोबर 1956, आणि दुसरा आमच्या चंद्रपूरला, 16 ऑक्टोबर 1956. बाबासाहेबांनी नागपूरनंतर चंद्रपूरला येऊन दीक्षा दिली, हे आमच्याकडच्या प्रत्येक बौद्ध घराला पाठ आहे. वर्गातल्या कुणबी मुलांना ते माहीत नव्हतं. एकाच शहरात वाढलेली मुलं!

तेलुगू घरातल्या एका मुलीनं दसऱ्याच्या जागी बतुकम्मा काढली. तुम्ही हैदराबादला राहता, तुम्हाला नऊ दिवसांची बतुकम्मा काय ते सांगायला नको. 2014पासून ती तेलंगणाचा राज्य सण आहे. 'फुलं' आणि 'आजी' यांच्यामधल्या बाणावर तिनं लिहिलं होतं, 'रानातून तोडून आणते'. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे पांढरे तुरे. आणि खाली एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'आमच्या गल्लीची' आणि 'त्यांच्या गल्लीची' अशा दोन चिठ्ठ्या. बाणावर लिहिलं होतं, 'फुलं तीच, गोल वेगळा'.

तिचं ते वाक्य वाचून मला बाबासाहेबांचं 1936चं भाषण आठवलं. न झालेलं भाषण म्हणायला हवं, कारण लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, मजकूर वाचला आणि अधिवेशनच रद्द केलं. 'जातिप्रथेचं विध्वंसन' तुम्ही वाचलं असेल. त्यात एक मुद्दा आहे, जो सभेत फारसा कोणी सांगत नाही. सारखं असणं आणि सामायिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते म्हणतात. चालीरीती, समजुती, सवयी सारख्या असल्या म्हणून माणसांचा समाज बनत नाही. माणसं एकमेकांशी व्यवहार करतात, एखाद्या कामात सगळ्यांचा वाटा असतो, तेव्हा बनतो. आणि उदाहरण म्हणून त्यांनी सणच घेतलेत. सगळ्या जाती तेच सण करतात, पण शेजारी शेजारी, आपापले करतात, म्हणून त्यातून एक समाज झाला नाही. यात त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्युई यांचा विचार आहे. ड्युईंनी 1916च्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये समाज आणि संवाद यांची सांगड घातली होती. त्याच वर्षी, 9 मे 1916ला, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी कोलंबियातच जातीवरचा निबंध वाचला. त्यात ते उलट टोकापासून सुरू करतात. भारतात सांस्कृतिक एकजिनसीपण आहे हे ते मान्य करतात, आणि म्हणतात की म्हणूनच जात समजावून सांगणं अवघड आहे, कारण ती आधीच एकसंध असलेल्याचे तुकडे पाडते.

हे दोन्ही एकत्र ठेवा. 'आपली संस्कृती एकच आहे' असं कोणी म्हटलं की आपण लगेच 'नाही' म्हणून भांडायला उठतो. भांडायचं असेल तर नीट जागी भांडा. दसरा एकच आहे, फुलं तीच आहेत, पानं तीच आहेत. नामं जुळतात. संकल्पनाचित्र आपल्याला नामांच्या मधल्या क्रियापदांपाशी थांबवतं, आणि जात तिथे बसलेली असते. कोण बांधतं, कोण पेटवतं, कोण घरी परत येतं. उत्तरपत्रिकेत फक्त नामं लिहून पूर्ण मार्क मिळतात, म्हणून ती जात तिथे दिसत नाही.

कुणबी मुलांच्या एका गटाचंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की हा व्यायाम फक्त आपल्या मुलांना बोलतं करायला आहे. त्यांच्या चित्रात होतं, 'आपट्याची पानं', बाणावर 'देतो', आणि पुढे 'सगळ्यांना'. मी 'सगळ्यांना' या चिठ्ठीवर लाल 'कोण?' लिहिलं. गटातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळे म्हणजे सगळे." म्हटलं, बरं, गेल्या दसऱ्याला तू ज्या घरांत गेलास ती घरं काढ. त्यानं प्रामाणिकपणे एकेक घर काढलं. चौदा घरं झाली. मग पेन थांबला. त्याच्या शेजारी बसलेला, रोज त्याच्याच गाडीवर कॉलेजला येणारा मित्र त्या चौदांत नव्हता. कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी शिक्षकानं बोलू नये असं माझं मत आहे. कागदावर दिसतंय ते त्यानं स्वतः काढलेलं असतं. आपण वर भाषण दिलं की तो लगेच बचाव करायला लागतो आणि कागद विसरतो.

दोन गोष्टी या पद्धतीतल्या मला पटत नाहीत. नोव्हाक यांच्या मांडणीत सर्वात व्यापक संकल्पना सगळ्यात वर आणि विशिष्ट ती खाली. म्हणजे 'भारतीय संस्कृती' डोक्यावर आणि काका पायथ्याशी! विज्ञानात ते ठीक असेल. आपल्याला उतरंड काढायला वेगळं शिकवायला लागत नाही. आमच्या वर्गात मी सांगते, कागद फिरवा, घरापासून सुरू करा, वर जायचं की बाजूला जायचं ते तुम्ही ठरवा. दुसरं म्हणजे मार्क. या पद्धतीत गुण देण्याची रीत आहे. बरोबर वाक्याला इतके, पातळ्यांना इतके, चित्राच्या दोन लांबच्या भागांना जोडणाऱ्या आडव्या दुव्याला सगळ्यात जास्त. प्रकाशसंश्लेषणावरच्या चित्रात वाक्य बरोबर की चूक ते ठरवता येतं. 'फुलं तीच, गोल वेगळा' याला मी किती मार्क देऊ? मी देत नाही. अंतर्गत मूल्यमापनात हे धरतच नाही, कारण मार्क आले की मुलं पुन्हा पुस्तकातली चित्रं काढतात.

आणि धोका. हे नीट ऐका, कारण उद्या तुम्ही उत्साहात वर्गात जाल. अशा चित्रातून मुलाची जात उघडी पडते. ज्यांचं आडनाव सांगून काही कळत नाही, ज्यांनी जपून ते झाकून ठेवलंय, त्यांना आपण 'मोकळेपणानं व्यक्त हो' म्हणत उघडं पाडू शकतो. आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी हे भोगलंय, शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्यानं वाचली जाते तेव्हा. म्हणून काही पथ्यं पाळा. कागदावर नाव नको. गट चार-पाचांचा, म्हणजे कोणती चिठ्ठी कोणाची ते कळणार नाही. चित्र भिंतीवर लावायचं की नाही ते गट ठरवेल, शिक्षक नाही. कोणाला घरचा सण नको असेल तर त्यानं पुस्तकातला काढावा किंवा बसस्टँड काढावा. आणि एक चिठ्ठी कोरी ठेवायचा हक्क प्रत्येकाला आहे. आमच्याकडे एका मुलीनं 'देव' आणि 'आई' यांच्यामध्ये बाण काढला आणि त्यावर काही लिहिलं नाही. पद्धतीचा नियम मोडला. मी विचारलं नाही. सगळं सांगितलंच पाहिजे अशी सक्ती केली तर आपण आणि ते फॉर्म तपासणारे बाबू यांत फरक काय राहिला?

तीन महिन्यांनी त्याच वर्गाला दुसरं चित्र काढायला दिलं. या वेळी प्रश्न बदलला. 'या वर्गात आपण खरोखर मिळून काय करतो?' सारखं काय आहे ते नको, मिळून काय करतो ते काढा. मला वाटलं, कॉलेजचं स्नेहसंमेलन येईल, क्रिकेट येईल. ते आलंच. पण बऱ्याच चित्रांत एक चिठ्ठी मधे आली, तिच्यावर 'फॉर्म' असं लिहिलं होतं. शिष्यवृत्तीचा, बसच्या पासचा, परीक्षेचा, दाखल्यांचा. आणि तिथे बाणच बाण. 'भरून देतो', 'झेरॉक्स काढते', 'सायबर कॅफेत नंबर लावतो', 'तिच्या बाबाची सही कुठे घ्यायची ते सांगतो'. कुणबी मुलाकडून गोंड मुलीकडे, तिच्याकडून तेलुगू मुलीकडे, तिच्याकडून परत. 'जातो, जाते' एकही नाही. प्रत्येक क्रियापदाला कर्ता होता. घरी कोणाला फॉर्म भरता येत नाही, म्हणून या मुलांनी तो एकमेकांसाठी भरला. ज्यांच्या घरी वडील प्राध्यापक आहेत त्यांच्या चित्रात ही चिठ्ठी नव्हती.

एक मुलगा यावर म्हणाला, "म्हणजे मॅडम, शेवटी आपण सगळे गरीबच, जातपात काही नाही." हे वाक्य गोड आहे आणि ते तसंच जाऊ द्यायचं नसतं. मी त्याला 'फॉर्म'च्या चिठ्ठीपाशीच परत नेलं. म्हटलं, कोणाच्या फॉर्मला कोणता कागद लागतो ते लिही. मग जातीचा दाखला आला, जात पडताळणी आली, त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला आला. ज्यांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत त्यांच्या बाणावर लिहिलं गेलं, 'चकरा मारतो'. खुल्या वर्गातल्या गरीब मुलीचा बाण उत्पन्नाच्या दाखल्यापाशी संपला. दोघंही गरीब, फॉर्म दोघांनी मिळून भरला, आणि तरी दोघांच्या बाणांची लांबी वेगळी. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर राहिल्या. त्या मुलानं आपलं वाक्य खोडलं नाही, पण त्याच्या पुढे स्वतःच लाल पेननं 'सगळे?' असं लिहिलं.

इथे या शहरात तुम्ही मराठी म्हणून एकत्र जमता. मंडळ आहे, जयंती होते, गणपतीही होतो असं ऐकलं. 'आपण मराठी' या चिठ्ठीपासून एक चित्र काढून पाहा, असं मी सुचवेन. वर्गणी कोण गोळा करतं, सतरंज्या कोण घालतं, सूत्रसंचालन कोण करतं, जयंतीला कोण येत नाही. मी कागद आणि चिठ्ठ्या आणल्या आहेत, लाल पेनंही आहेत. चार-चारांचे गट करा, आणि शक्यतो ज्यांच्याबरोबर रोज जेवता त्यांना सोडून बसा.

जय भीम.